सायकलचे कपडे करणारी कंपनी आणि तिच्या गावचे सायकलस्वार : हे नाते टिकते कशावर?

कटिंगटेबल (पुणे)

नमस्कार मंडळी,

पुण्यात आमचा कपडे शिवण्याचा लहानसा कारखाना आहे. शाळांचे गणवेश आणि क्रीडासंघांचे पोशाख हा आमचा मूळ धंदा. परंतु अलीकडे सायकल गटांच्या जर्सींचे काम वाढत गेले आणि आता स्वतःच्या नावाने जर्सी व बिब शॉर्ट्स (खांद्यावर पट्टे आणि बैठकीला पॅड असलेली सायकलची चड्डी) बाजारात आणाव्यात, असा विचार पक्का होत आला आहे. कापड, छपाई आणि शिलाई यांबद्दल मला फारशी चिंता नाही. चिंता आहे ती दुसऱ्याच गोष्टीची आणि त्यासाठीच हा धागा काढत आहे.

ज्यांच्याशी बोलतो ते सर्व जण एकच सल्ला देतात : आधी लोक जोडा, माल आपोआप विकला जाईल. दर रविवारी दुकानापासून राईड काढा, राईडनंतर कॉफी द्या, ज्यांच्या मागे पुष्कळ अनुयायी आहेत अशा चार-पाच सायकलस्वारांना फुकट जर्सी द्या. या सल्ल्यात वावगे काही नाही. पण पुण्याकडे पाहिले की मला प्रश्न पडतो. इथले सायकलस्वार कुठल्याही कंपनीची वाट पाहत थांबलेले नाहीत. पहाटे सिंहगडाच्या पायथ्याकडे जाणारे गट आहेत, बोपदेव घाट चढून सासवडला जाणारे आहेत, कात्रजचा जुना बोगदा ओलांडून पुढे खंबाटकीपर्यंत मारणारे आहेत आणि 200 पासून 600 किलोमीटरपर्यंतच्या ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राईड) करणारे तर स्वतःच्या शिस्तीने चालणारे वेगळेच लोक आहेत. ज्या घरात माणसे आधीच नांदत आहेत, तिथे पाहुणा म्हणून जायचे असेल तर जाण्याला काही कारण हवे. ते कारण कोणते असू शकते?

परदेशात सायकलचे कपडे करणाऱ्या कंपन्यांनी आपल्या गावच्या सायकलस्वारांशी असे नाते जोडल्याचे ऐकतो. त्यातले टिकले काय आणि जाहिरातीपुरते उरले काय, हे जवळून पाहिलेल्या किंवा नीट अभ्यासलेल्या मंडळींनी सांगावे. दुसरे असे की, गट काढायचाच झाला तर तो कंपनीच्या नावाने असावा की स्वतंत्र असावा, याविषयी आपली मते हवी आहेत. हा पैशांचा प्रश्न आहेच, पण केवळ पैशांचा नाही. ज्या लोकांनी आमच्या पहिल्या जर्सींतले दोष शांतपणे समजावून सांगितले, त्यांच्याशी उद्या ग्राहक आणि विक्रेता एवढाच संबंध उरावा, असे मला वाटत नाही.

टेम्सकाठ (लंडन)

आपला प्रश्न वाचताच राफा या लंडनच्या कंपनीची आठवण झाली, कारण लोक जोडून कपडे विकण्याच्या पद्धतीचा सर्वांत मोठा प्रयोग तिनेच केला आणि त्या प्रयोगाच्या दोन्ही बाजू आज डोळ्यांसमोर आहेत.

सायमन मॉट्रम यांनी 2004 मध्ये ही कंपनी सुरू केली. तिचे नाव जुन्या फ्रेंच व्यावसायिक संघावरून घेतले आहे. लोकांसमोर ती पहिल्यांदा आली ती दुकान उघडून नव्हे, तर पूर्व लंडनमध्ये भरवलेल्या एका प्रदर्शनातून. टूर द फ्रान्स चालू असतानाच्या त्या जुलै महिन्यात तिथे सायकल शर्यतींच्या इतिहासातील वस्तू आणि छायाचित्रे मांडलेली होती आणि त्या दिवसाचा टप्पा एकत्र बसून पाहण्याची सोय होती. ज्या शहरात शर्यत पाहण्यासाठी सायकलप्रेमींना एकत्र जमण्याची जागा क्वचितच मिळे, तिथे हे नेमके बसले. पुढे 2012 मध्ये सोहो भागातील ब्रूअर स्ट्रीटवर कायमचे दुकान झाले, ज्याला ते क्लबहाऊस म्हणतात : पुढे कॉफी, भिंतीवर शर्यतीचे प्रक्षेपण, कडेला कपडे आणि सकाळी दारातून निघणारी राईड. त्याच उन्हाळ्यात ब्रॅडली विगिन्स टूर जिंकणारा पहिला ब्रिटिश ठरला आणि लंडन ऑलिंपिकच्या पुरुषांच्या रस्ता शर्यतीत बॉक्स हिलच्या नऊ फेऱ्या पाहायला सरे परगण्याच्या रस्त्यांवर माणसांची भिंत उभी राहिली. शहर स्वतःहून सायकलकडे वळत होते आणि कंपनी योग्य जागी उभी होती, हे विसरून चालणार नाही. कॉफीच्या यंत्रामुळे लोक जमले असे समजून कोणी तेच यंत्र विकत घेईल, तर त्याची निराशा होईल.

2015 मध्ये वार्षिक वर्गणीचा क्लब निघाला. सभासदांसाठी वेगळे कपडे, क्लबहाऊसमध्ये कॉफीची सवलत, परगावी गेल्यावर भाड्याने सायकल आणि शहराशहरांतून राईड अशी त्याची रचना होती. टोकियोला गेलेल्या लंडनकराला तिथे पहिल्याच सकाळी सोबत मिळावी, ही सोय खरोखरच चांगली होती आणि तिची थोरवी मी कमी लेखणार नाही. परंतु 2017 मध्ये कंपनी सुमारे 20 कोटी पौंडांना विकली गेली. घेणारी होती वॉलमार्टच्या संस्थापकांचे नातू स्टुअर्ट आणि टॉम वॉल्टन यांची गुंतवणूक संस्था. 2020 मध्ये कंपनीचे अमेरिकेतील मुख्य कार्यालय पोर्टलंडहून वॉल्टन कुटुंबाच्या बेंटनव्हिल गावी गेले. पुढची काही वर्षे तोट्याची गेली, मॉट्रम स्वतः मुख्याधिकारी पदावरून दूर झाले आणि काही शहरांतील क्लबहाऊस बंद करण्यात आली. कंपनी आजही आहे आणि तिचे कपडे चांगलेच असतात; परंतु ज्या गावातले दार बंद झाले तिथल्या सभासदांनी वर्गणी भरलेली असली, तरी त्या निर्णयात त्यांचा हात नव्हता.

याच्या शेजारी कॅटफर्ड सायकलिंग क्लब ठेवून पाहा. दक्षिण लंडनचा हा क्लब 1886 चा. त्याची घाट चढण्याची शर्यत 1887 पासून होत आली आहे आणि आता ती केंटमधील यॉर्क्स हिल नावाच्या आखूड पण छाती फोडणाऱ्या चढावर होते. कितीतरी सायकल कंपन्या आल्या आणि गेल्या, पण क्लब आहे, कारण तो कोणाच्या ताळेबंदात मांडलेला नाही. तेव्हा आपल्या दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर स्पष्ट आहे : गट कंपनीच्या नावाने काढू नका. जे गट आहेत त्यांचे काम करा, त्यांच्या ब्रेव्हेला चहाचे टेबल लावा, पण सभासदांची यादी, राईडचा मार्ग आणि गटाचे नाव त्यांचेच राहू द्या.

राफाकडून एक गोष्ट मात्र जरूर घ्यावी. सायकलवरून पडून फाटलेले स्वतःचे कपडे ती कंपनी विनामूल्य दुरुस्त करून देत आली आहे. कोपऱ्यावर निराळ्या कापडाचा तुकडा लावलेली जर्सी घालून जेव्हा एखादा सायकलस्वार पुन्हा गटात येतो, तेव्हा त्या तुकड्याविषयी विचारपूस होतेच आणि दोन माणसे बोलू लागतात. एवढ्या वर्षांच्या प्रयोगातून मला सर्वांत मोलाचे काही वाटले असेल तर ते हेच.

पसरणीघाट (वाई)

टेम्सकाठ यांच्या प्रतिसादाला एक पुरवणी जोडते, कारण राफाच्याच दोन उपक्रमांतून मला आपल्याकडच्या कंपनीसाठी फार उपयोगी गोष्ट दिसते.

पहिला उपक्रम म्हणजे 24 ते 31 डिसेंबर या आठ दिवसांत 500 किलोमीटर सायकल चालवण्याचे आव्हान. 2010 पासून ते दरवर्षी होते आणि आपल्याकडचेही पुष्कळ जण त्यात भाग घेतात. लंडनमध्ये त्या आठवड्यात दुपारी चारच्या सुमारास अंधार पडतो, रस्ता ओला असतो आणि घरात नाताळ असतो. त्या सर्वांतून बाहेर पडण्याचा निश्चय हा त्या आव्हानाचा गाभा आहे. आमच्याकडे मात्र वर्षातील सर्वांत सुंदर सायकलिंग त्याच आठवड्यात असते. पाचगणीला जाताना पसरणी घाटात सकाळी हातमोजे लागतात आणि दहा वाजता ते खिशात जातात, इतकेच. दुसरा उपक्रम खास महिलांसाठीच्या 100 किलोमीटरांच्या राईडचा. 2013 मध्ये तो सुरू झाला आणि सुरुवातीची वर्षे जुलैमध्ये झाला. जुलै हा इंग्लंडचा उन्हाळा. वाई-महाबळेश्वरच्या रस्त्यावर त्या महिन्यात समोरची दहा पावलेही दिसत नाहीत. हे दोन्ही उपक्रम चांगले आहेत आणि ज्या हवेत ते जन्मले तिथे ते नेमके शोभतात. आपल्याकडची कठीण वेळ कोणती आहे? एप्रिल-मे महिन्यांतली, सकाळी साडेनऊनंतरची, आणि जून ते सप्टेंबर या काळातली, ताम्हिणी आणि वरंधच्या बाजूची. या दोन ऋतूंसाठी ज्याने कपडा केला आणि त्या ऋतूंत लोकांसोबत जो स्वतः रस्त्यावर आला, त्याला इथला म्हणता येईल.

कपड्यापुरते बोलायचे तर पावसाळ्यात मागच्या चाकाने उडवलेला चिखल पाठीवर सरळ रेषेत बसतो आणि फिकट रंगाच्या जर्सीवरून तो कधीही पूर्णपणे जात नाही. तरीही दरवर्षी गटांच्या जर्सी पाठीला पांढऱ्या किंवा पोपटी रंगाच्या असतात, कारण रंगसंगती संगणकाच्या पडद्यावर ठरते. दुसरी गोष्ट ब्रेव्हेची. रात्री परावर्तक जाकीट घालणे बंधनकारक असते. ते जाकीट जर्सीवर चढले की पाठीचे तिन्ही खिसे झाकले जातात, आणि खजूर किंवा चिक्की काढण्यासाठी धावत्या सायकलवर एका हाताने जाकीट वर ओढावे लागते. त्या जाकिटाला खिशांच्या जागी दोन चिरा ठेवून काठ शिवून दिले तर शिवणाऱ्याचे पंधरा मिनिटांचेही काम नाही. पण 400 किलोमीटरांच्या ब्रेव्हेत मध्यरात्री महामार्गावर त्याची किंमत कळते. अशी गोष्ट कोणत्याही पाहणीतून हाती लागत नाही. नियंत्रण ठिकाणावर चहा पीत बसलेल्या माणसांशी बोलल्यावर ती पाच मिनिटांत कळते.

आणि आता महिलांच्या मापांविषयी, जो विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे. गटाची जर्सी निघते तेव्हा मापांचा तक्ता पुरुषांचा असतो आणि आम्हांला त्यातले लहानात लहान माप दिले जाते. ते खांद्यांत बसते आणि कमरेखाली अडते. बिब शॉर्ट्सचे दुखणे याहून मोठे आहे, कारण खांद्यावरून येणारे पट्टे असल्यामुळे निसर्गाच्या हाकेला पूर्ण जर्सी उतरवावी लागते आणि आपल्या महामार्गांवर स्त्रियांसाठी जागा शोधणे हेच आधी कष्टाचे असते. मागे चेन (झिप) असलेल्या किंवा पट्टा ओढून खाली घेता येईल अशा बिब शॉर्ट्स परदेशात अनेक कंपन्या करतात. बसायच्या हाडांमधले अंतर स्त्रियांमध्ये साधारणपणे अधिक असल्यामुळे पॅडची रुंदीही वेगळी लागते. कटिंगटेबल, आपण अनुयायांची संख्या पाहून चार जणांना फुकट जर्सी देण्याऐवजी एक काम करावे. सर्व मापांच्या नमुना बिब शॉर्ट्सचा एक संच तयार करावा, तो प्रत्येक गटाकडे आठवडाभर ठेवावा आणि सायकलवर बसून माप घेऊ द्यावे. आरशासमोर उभे राहून घेतलेले माप सायकलवर वाकल्यावर खोटे ठरते. पाठीकडे कापड कमी पडते आणि पोटाकडे गोळा होते. असा संच ज्या दिवशी आमच्या गटात येईल, त्या दिवशी ज्या मैत्रिणी आज घरच्या लेगिंगवर शंभर किलोमीटर चालवतात, त्यातल्या निम्म्या तरी आपल्याकडे ऑर्डर देतील असा मला विश्वास आहे.

आल्प्सपायथा (बेर्गामो, इटली)

मी नोकरीनिमित्त बेर्गामोत राहतो. इथले उदाहरण लंडनपेक्षा वेगळे आहे, कारण इथे कंपनी आणि सायकलस्वार यांच्यामध्ये कारखाना आहे.

शहराला लागून असलेल्या लाल्लिओ गावी पिएत्रो सांतिनी यांनी 1965 मध्ये विणलेले कपडे करण्याचा व्यवसाय सुरू केला. योगायोग असा की त्याच वर्षी याच जिल्ह्यातील सेद्रिना गावचा फेलिचे जिमोंदी, व्यावसायिक सायकलपटू म्हणून पहिल्याच वर्षी, टूर द फ्रान्स जिंकला. जिमोंदी पुढे तीनदा जिरो (इटलीची मोठी शर्यत) आणि एकदा व्हुएल्टा (स्पेनची) जिंकून या भागाचे दैवत झाला. ज्या जिल्ह्यात प्रत्येक गावच्या गप्पांत सायकल असते, म्हणजे इथल्या बारमध्ये सकाळी एस्प्रेसो घेणारे लोक कालच्या टप्प्याविषयी वाद घालतात, तिथे जर्सी शिवणाऱ्याला लोक जोडण्याचा वेगळा कार्यक्रम करावा लागत नाही. शिवणारी बाई, रंग जुळवणारा माणूस, त्यांचे भाऊ, शेजारी यांच्यातले कोणी ना कोणी रविवारी सेरियाना किंवा ब्रेम्बाना खोऱ्यात सायकल घेऊन जातेच. आता कंपनी सांतिनींच्या मुली मोनिका आणि पाओला चालवतात. विश्वविजेत्याची इंद्रधनुषी जर्सी आणि 2022 पासून टूर द फ्रान्सची पिवळी जर्सी या कंपनीची असते, पण गावोगावच्या क्लबांसाठी त्यांच्या रंगांत जर्सी करून देण्याचे कामही तिने चालू ठेवले आहे. मला हे महत्त्वाचे वाटते.

2020 च्या वसंत ऋतूत कोविडने इटलीत सर्वाधिक घाला घातला तो बेर्गामो जिल्ह्यावर. त्या दिवसांत सांतिनीच्या कारखान्यात जर्सीचे काम थांबवून मास्क शिवले गेले. शर्यती बंद होत्या, मागणी नव्हती, हे खरेच. तरीही यंत्रे, कापड आणि शिवणारे हात गावात होते म्हणून गावाच्या कामी आले. जो व्यवसाय सारे शिवणकाम दूर देशी देऊन गावात फक्त कार्यालय ठेवतो, त्याला अशा वेळी सदिच्छा असूनही फार काही करता येत नाही. कटिंगटेबल, आपला कारखाना पुण्यात आहे, तो तिथेच ठेवा. आपल्याकडचे हे भांडवल आहे आणि लंडनच्या कंपनीकडेही ते नव्हते.

इथल्या कंपन्या हौशी सायकलस्वारांच्या मोठ्या राईडला नाव देतात, त्याविषयीही सांगतो. सांतिनीच्या नावाची ग्रानफोंदो बोर्मिओ गावाहून निघते आणि 2758 मीटर उंचीच्या स्तेल्विओ खिंडीत संपते; ती 2012 पासून होते आणि भाग घेणाऱ्यांची जर्सी अर्थातच सांतिनीची असते. पूर्वेकडे बेल्लुनो जिल्ह्यात स्पोर्टफुल कंपनी फोंझासो गावात आहे आणि शेजारच्या फेल्त्रे गावातून निघणाऱ्या डोलोमाइट्सच्या ग्रानफोंदोला तिचे नाव आहे. अशा दिवशी हजारो लोक एकच कपडा घालून सकाळच्या थंडीपासून दुपारच्या उन्हापर्यंत चढ-उतार करतात. खिंडीतून उतरताना छातीवर वारा कसा लागतो, चेन एका हाताने वर ओढता येते की नाही, भरलेले खिसे मांडीपर्यंत लोंबतात का, हे सर्व कंपनीच्या माणसांना एका दिवसात आपल्या डोळ्यांनी दिसते. मी याला जाहिरात म्हणणार नाही. ती वर्षातून एकदा होणारी परीक्षा आहे.

सायकलस्वाराचे ऐकल्याने काय होते याचे इथले सर्वांत गाजलेले उदाहरण कास्तेल्लीचे. ही कंपनी आता स्पोर्टफुलच्याच घराण्यात आहे आणि आपले मूळ 1876 च्या मिलानमधील व्हित्तोरे जानी या शिंप्यापर्यंत नेते. गाब्रिएल राश या नॉर्वेच्या सायकलपटूने पावसातल्या शर्यतीसाठी आखूड बाह्यांचे, अंगाला घट्ट बसणारे जाकीट मागितले. ते झाले आणि त्याच्याच नावावरून त्याला गाब्बा म्हणू लागले. 2013 च्या मिलान-सान रेमो शर्यतीत बर्फ पडला, मधला तूर्किनो खिंडीचा भाग बसने पार करावा लागला, तेव्हा दुसऱ्या कंपन्यांशी करार असलेल्या संघांतील सायकलपटूंनीही बोधचिन्ह काळे करून तेच जाकीट घातले. मागणी एका माणसाची होती, पण गरज रस्त्यावरच्या सर्वांची होती. पसरणीघाट यांनी सांगितलेले चिरांचे परावर्तक जाकीट मला अगदी त्याच जातीचे वाटते.

कटिंगटेबल (पुणे)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पसरणीघाटताई, नमुन्यांचा संच करण्याचे ठरवले आहे. पहिला संच महिलांच्या मापांचाच करू आणि तो आपल्या गटाकडे पाठवू. गट स्वतंत्रच राहावेत, हेही मनोमन पटले.

दुरुस्तीविषयी मात्र शंका आहे. मोठी कंपनी फुकट दुरुस्ती करू शकते, कारण तिची जर्सी महाग असते. आमच्यासारख्याने गावातल्या सायकलस्वारांचे फाटके कपडे घेण्यास सुरुवात केली, तर ते हिशेबात बसेल का? आणि जे कपडे आमच्याकडे शिवलेलेच नाहीत, ते घ्यावेत का?

सुईदोरा (कोल्हापूर)

कटिंगटेबल, मी तिरुप्पूरच्या होजिअरी कारखान्यांत बरीच वर्षे काढली आणि आता कोल्हापुरात खेळाच्या कपड्यांची दुरुस्ती करतो, त्यामुळे आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार मला थोडासा आहे असे समजतो.

बसेल, आणि दुसऱ्यांचे कपडेही जरूर घ्या. सायकलच्या कपड्यांत येणारे दुखणे चार-पाच प्रकारांचेच असते. जर्सीची चेन घामाच्या मिठाने धरते किंवा तिचा धावक सैल होतो. पुष्कळदा चेन बदलावी लागत नाही, धावक बदलला तरी भागते आणि सामान काही रुपयांचे लागते. खिशाचे वरचे कोपरे उसवतात, कारण दोन ट्यूब, पंप आणि मोबाईल यांचा भार दोन टाक्यांवर येतो; तिथे मागून छोटी पट्टी लावून बारटॅक (एकाच जागी दाट टाके) मारला की ती जागा पुन्हा उसवत नाही. मांडीच्या रबरी पट्टीचा चिकटपणा जातो. पडल्यामुळे नितंबाच्या आणि कोपराच्या बाजूला कापड घासून जाते. आणि पॅडच्या कडेची शिलाई सुटते, ज्याकडे लोक दुर्लक्ष करतात आणि मग दोनशे किलोमीटरांनंतर मांडीला जखम होते. पॅड पुन्हा बसवताना त्याची जागा बोटभरही पुढे-मागे होऊ देऊ नये. आधीच्या शिलाईची भोके दिसतात, त्यांवरच सुई गेली पाहिजे. धागा साधा वापरू नका, ताण घेणारा टेक्स्चराइज्ड पॉलिस्टर वापरा, नाहीतर कापड ताणले की धागा तुटेल.

आपण शिवलेले कपडे पडझडीनंतर एकदा विनामूल्य दुरुस्त करून द्यावेत आणि इतरांच्या कपड्यांना रास्त मजुरी घ्यावी. माझ्या मते फायदा मजुरीत नाहीच. दुसऱ्या कंपनीची महागडी बिब शॉर्ट्स आपल्या टेबलावर उसवून पडते, तेव्हा तिचे कटिंग, पॅडचा थर, फ्लॅटलॉकचा (सपाट जोडशिलाईचा) टाका हे सर्व आपल्या कटिंग मास्तरांना हाताने पाहायला मिळते आणि ती कुठे हरली तेही समजते. एक वही ठेवा : कपडा कोणता, किती महिने वापरला, कोणत्या रस्त्यावर वापरला, कुठे फाटला. पावसाळा संपल्यावर ती वही घेऊन बसलात तर पुढच्या जर्सीत काय बदलायचे हे वेगळे ठरवावे लागणार नाही.

राहिला लहान ऑर्डरींचा मुद्दा, जो कोणी काढला नाही. बहुतेक ठिकाणी ठरावीक संख्येखाली गटाची जर्सी करून मिळत नाही, त्यामुळे सात-आठ जणांचे गट आणि तालुक्याच्या गावचे सायकलस्वार वंचित राहतात. सबलिमेशन छपाईत हे बंधन खरे तर फार कडक नाही. चित्र कागदावर छापून सुमारे 200 अंश तापमानाला पॉलिस्टरवर उतरवायचे असते, त्यासाठी साचा किंवा ब्लॉक करावा लागत नाही. जो वेळ जातो तो मापांप्रमाणे चित्र बसवण्यात आणि कापण्यात. कापडाचे तुकडे आधी छापून मग शिवायचे, शिवलेल्या जर्सीवर छापायचे नाही, एवढे पथ्य पाळले तर बगलेत पांढऱ्या रेघाही राहत नाहीत. दोन-तीन लहान गटांचे काम एकाच दिवशी एकाच कापडावर लावले की कापडही वाया जात नाही. नंतर त्या गटात एखादा नवा माणूस आला आणि त्याला एकच जर्सी हवी झाली तर ती देता यावी, म्हणून प्रत्येक गटाचे चित्र, रंगांचे क्रमांक आणि कापडाचा लॉट जपून ठेवा. एका जर्सीला मजुरी थोडी जास्त लावलीत तरी तो माणूस आनंदाने देईल, कारण आज त्याला इतरांची ऑर्डर जमेपर्यंत वर्षभर वेगळ्या रंगात चालावे लागते.

सासवड, भोर, वाई इकडच्या गटांचे काम आल्यास आणि हात कमी पडल्यास मला कळवावे. दुरुस्तीचा काही भाग मी इकडे घेऊ शकतो. बारटॅक आणि फ्लॅटलॉक ही दोन्ही यंत्रे माझ्याकडे आहेत.